गुणांसाठी विकिपीडियावर लिहायचंय? मग आधी हे वाचा

“यंदा टर्म पेपर नाही. प्रत्येकाने विकिपीडियावरचा एक लेख सुधारायचा, त्याचेच गुण.” वर्गात हे जाहीर झालं की आधी सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. वीस पानं लिहायची नाहीत, बाइंडिंग नाही, तोंडी परीक्षा नाही. मग ते काम वहीच्या शेवटच्या पानावर जाऊन पडतं आणि सत्र संपायला दोन दिवस उरले की आठवतं. त्या रात्री अख्खा वर्ग एकदम ऑनलाइन येतो, दोन-दोन पानी मजकूर चिकटवतो, आणि सकाळी उठून बघतो तर निम्म्या जणांचं लिखाण गायब.

त्या रात्रीची दुसरी बाजू मला चांगली ठाऊक आहे, कारण गायब करणाऱ्यांत मीही असते. बरीच वर्षं मी फावल्या वेळात विकिपीडियावरचे नवे बदल तपासते, आणि अधूनमधून वर्गांना शिकवायलाही जाते. एकदा एका वर्गाने एका रात्रीत चाळीसेक लेखांत भर घातली. मी आणि आणखी दोघं पहाटेपर्यंत ते उपसत बसलो होतो. त्यात मन लावून लिहिणारेही असणार, पण कोणतं मेहनतीचं आणि कोणतं उचललेलं हे शांतपणे बघायला तेव्हा सवडच नव्हती. सुक्याबरोबर ओलंही जळलं. म्हणून पुढे ज्या पायऱ्या सांगते आहे त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लवकर सुरू करा, आणि थोडं थोडं, सगळ्यांना दिसेल असं करत राहा.

हे काम टर्म पेपरपेक्षा वेगळं कुठे आहे

टर्म पेपर एकच माणूस वाचतो, आणि त्याला विषय तुमच्यापेक्षा जास्त येत असतो. ज्ञानकोशातला लेख वाचणाऱ्याला बहुतेकदा विषयाचा गंधही नसतो. पेपरात तुमचं मत, तुमचा युक्तिवाद, तुमचा निष्कर्ष यांना गुण मिळतात. विकिपीडियावर नेमकं तेच चालत नाही.

२००१ च्या जानेवारीत हा ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला. पुढे शेकडो भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या (मराठीतली २००३ पासून आहे), आणि प्रत्येक भाषेतले स्वयंसेवक आपापले बारीकसारीक नियम ठरवतात. पण तीन गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत. लेखातलं विधान विश्वासार्ह, प्रकाशित स्रोतावरून पडताळता आलं पाहिजे. वादाच्या मुद्द्यावर सगळ्या महत्त्वाच्या बाजू, त्यांना अभ्यासकांत जितकं वजन आहे तितक्या प्रमाणात, यायला हव्यात. आणि तुमचं स्वतःचं नवं संशोधन इथे पहिल्यांदा मांडायचं नाही, ते कितीही बरोबर असलं तरी. हा तिसरा नियम वर्गातल्या सर्वांत हुशार मुलामुलींना सर्वांत जड जातो. दोन पुस्तकांतली माहिती जोडून तिसराच निष्कर्ष काढायची सवय आपण वर्षानुवर्षं त्यांना लावलेली असते. इथे दोन पुस्तकांत जे आहे तेवढंच सांगून थांबायचं असतं.

असे प्रयोग नवे नाहीत. २००८ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लॅटिन अमेरिकी साहित्याच्या एका वर्गाने हे काम केलं आणि त्यातले तीन लेख इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वोच्च, म्हणजे निवडक लेखाच्या दर्जाला पोचले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या वैद्यकीय शाखेत २०१३ पासून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आरोग्यविषयक लेख सुधारून श्रेयांक मिळवू लागले. उलट २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत मोठ्या उत्साहाने सुरू झालेला उपक्रम कॉपी-पेस्टच्या लाटेत बुडाला. काही महिन्यांत तो गुंडाळावा लागला आणि इंग्रजी विकिपीडियाचे स्वयंसेवक नंतर बराच काळ निस्तरत बसले. पुण्यातली मुलं कमी हुशार होती असं कुणी म्हणू नये. तिथे शेकडो विद्यार्थी एकदम उतरले होते आणि त्यांना हाताशी धरणारे अनुभवी लोक त्यामानाने फारच थोडे होते. ब्रिटिश कोलंबियातला वर्ग छोटा होता आणि मुरलेले संपादक पहिल्यापासून त्याच्या मदतीला होते.

खातं उघडणं, पण प्रयोगशाळेत नाही

खातं उघडायला दोन मिनिटं लागतात, तरी पहिला घोटाळा इथेच होतो. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकावरून, दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्यावरून दिसतात. म्हणजे तासाला सगळे मिळून खाती उघडायला बसलात की सहा जणांची उघडतात आणि सातव्यापासून लाल अक्षरातला नकार. तेव्हा खातं घरून, आपापल्या इंटरनेटवरून, तासाच्या आदल्या दिवशीच उघडा.

खरं नाव द्यायची सक्ती नाही, आणि मी तर देऊ नका असंच सांगेन. तुम्ही काय लिहिलंत, कुठे चुकलात, कुणाशी वाद घातलात हे सगळं कायम जगासमोर राहतं. नोकरी शोधताना ते नावाला चिकटलेलं नको असेल तर टोपणनाव घ्या. मात्र ते महाविद्यालयाचं किंवा गटाचं नसावं. एक खातं, एक माणूस. चौघांत एक पासवर्ड फिरवणं चालत नाही. ईमेल जरूर जोडा, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर कुणीही काही करू शकत नाही.

मग आपल्या सदस्य पानावर दोन ओळी लिहा: अमुक अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तमुक महिन्यापर्यंत संपादन करते आहे, अमुक विषयात. हे कबुलीजबाबासारखं वाटेल, पण त्याचा फायदा तुम्हालाच आहे. विद्यार्थी आहे हे दिसलं की माझ्यासारखी माणसं हकालपट्टीच्या आधी दोन शब्द समजावून सांगतात. शिक्षकांनी प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्डवर, म्हणजे अशा उपक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, वर्ग नोंदवला असेल तर तिथे सामील व्हा. तुमची सगळी संपादनं आपोआप एका जागी मोजली जातात.

आणि हे सगळं पहिल्याच आठवड्यात करायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर खातं चार दिवसांचं आणि संपादनं दहा झाल्याशिवाय थेट नवा लेख तयारच करता येत नाही. शेवटच्या रात्री खातं उघडणाऱ्याला ही भिंत सकाळपर्यंत काही ओलांडता येत नाही.

हात बसू द्या

प्रत्येक खात्याला स्वतःची धूळपाटी असते. नावच सांगतं: लिहा, पुसा, कुणी हसणार नाही. तिथे शीर्षक, दुवा, संदर्भ, तक्ता एकेकदा करून बघा. संपादन दोन प्रकारे करता येतं. यथादृश्य संपादकात लेख छापल्यावर दिसेल तसाच दिसतो आणि वर्ड वापरणाऱ्याला तो लगेच जमतो. स्रोत संपादनात कंस आणि चिन्हं दिसतात. सुरुवात पहिल्याने करा. मराठीत टंकायची अडचण असेल तर बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की विकिपीडियाचीच टंकनसोय चालू-बंद होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खऱ्या लेखात उतरा, पण खुरपणीपुरतं. शुद्धलेखनाची एक चूक, तुटलेला एक दुवा, ‘संदर्भ हवा’ असं लिहिलेल्या एका वाक्याला खरा संदर्भ. अशी दहा-बारा संपादनं झाली की दोन गोष्टी घडतात. प्रकाशित करायच्या बटणाची भीती जाते. आणि तुमच्या खात्याला इतिहास येतो, जो तपासणारा सगळ्यात आधी बघतो. ज्या खात्याचं पहिलंच संपादन दोन हजार शब्दांचं असतं त्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर आपसूक बदलते. माझीही बदलते, खोटं कशाला बोलू.

याच काळात प्रत्येक लेखाच्या वरच्या दोन टॅब उघडून बघायची सवय लावा: ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’. चर्चा म्हणजे त्या लेखाबद्दल संपादकांनी आपसांत बोलायचं पान. इतिहासात कुणी, कधी, काय बदललं याची ओळ न ओळ सापडते. कोणत्याही दोन आवृत्त्या निवडून त्यांच्यातला फरक पाहता येतो. हे ‘फरक’ पान लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम पडणार आहे.

लेख कोणता घ्यायचा

वर्गाचं निम्मं यश इथे ठरतं, आणि दहांतले आठ जण इथे चुकतात. ते ‘लोकशाही’ घेतात, ‘जागतिक तापमानवाढ’ घेतात, आवडता खेळाडू घेतात. मोठ्या विषयाचा लेख वर्षानुवर्षं शंभर हातांनी घासलेला असतो. तुमचा परिच्छेद तिथे दोन तास टिकला तरी खूप. हयात व्यक्तींवरच्या लेखांत नियम सर्वांत कडक आहेत, कारण चूक झाली तर खऱ्या माणसाची बदनामी होते. पेटलेले राजकीय आणि धार्मिक विषय तर पहिल्या फेरीत टाळाच. आपलं महाविद्यालय, आपले प्राध्यापक, मामाची कंपनी यांवरही लिहायचं नाही. तिथे हितसंबंध येतात, आणि तसं लिखाण चार ओळींत ओळखू येतं.

मग उरतं काय? पुष्कळ. आडबाजूचा, मधल्या आकाराचा विषय घ्या, ज्यावर आधीच दोन-चार परिच्छेदांचा खुरटा लेख आहे. एखादी वैज्ञानिक संकल्पना, एखादा कीटक, जुनं मोजमापाचं उपकरण, अर्थशास्त्रातली एखादी संज्ञा. कोरा लेख काढण्यापेक्षा असलेला वाढवणं नवख्याला केव्हाही बरं. नव्या लेखाला आधी ‘हा विषय ज्ञानकोशात असण्याइतका उल्लेखनीय आहे का’ या प्रश्नातून जावं लागतं, आणि ती चर्चा तुमच्या वेळापत्रकाची वाट बघत नाही.

माझी कसोटी साधी आहे. विषय नक्की करण्याआधी ग्रंथालयात तासभर बसा. विषयाशी लागेबांधे नसलेल्या लेखकांनी लिहिलेले, ओझरता उल्लेख न करता किमान पानभर माहिती देणारे तीन स्रोत सापडले, तर विषय पक्का. नाही सापडले तर तो विषय कितीही आवडता असो, सोडून द्या.

ठरलं की लेखाच्या चर्चापानावर चार ओळी टाका. काहीशा अशा:

“नमस्कार. मी विद्यार्थिनी असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पुढच्या सहा आठवड्यांत या लेखाच्या ‘जीवनचक्र’ आणि ‘अधिवास’ या विभागांत भर घालायचा विचार आहे. हाताशी असलेले स्रोत खाली देत आहे. काही सूचना असल्यास इथे कळवाव्यात. ~~~~”

शेवटची चार वळणदार चिन्हं म्हणजे स्वाक्षरी. प्रकाशित केल्यावर तिथे तुमचं नाव आणि वेळ येते. उत्तर येईलच असं नाही. कित्येक चर्चापानं ओस पडलेली असतात. तरी लिहा. उद्या कुणी तुमचा मजकूर उडवायला आलं तर ही नोंद तुमच्या बाजूने बोलते.

आधी स्रोत, मग वाक्य

विद्यार्थी सहसा उलट करतात. आधी लिहितात, मग रात्री दोन वाजता प्रत्येक वाक्याला कुठला तरी संदर्भ शोधतात. तसे लावलेले संदर्भ मला लांबूनही दिसतात: वाक्य एक सांगतं, दुवा भलतंच.

त्याऐवजी लिहायच्या आधी एक साधी वही करा. डावीकडे एक तथ्य, मध्ये स्रोत, उजवीकडे पान क्रमांक. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की लेख आपोआप दिसायला लागतो. ज्या नोंदीला उजवीकडचा रकाना रिकामा राहतो ती लेखात जात नाही.

स्रोत म्हणून काय धरायचं? विद्यापीठीय प्रकाशनांची पुस्तकं, तज्ज्ञांनी तपासून छापलेली नियतकालिकं, चांगली संदर्भपुस्तकं, संपादकीय जबाबदारी घेणारी वृत्तपत्रं. एखाद्या एकट्या प्रयोगाच्या निबंधापेक्षा अनेक प्रयोगांचा आढावा घेणारा निबंध बरा. आरोग्याच्या विषयांत तर इंग्रजी विकिपीडिया असे आढावेच मागतो. काल छापून आलेल्या एका अभ्यासावरून औषधाचा गुण सांगायला गेलात तर तो परिच्छेद उडालाच समजा. ब्लॉग, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक, स्पर्धापरीक्षांच्या नोट्सची संकेतस्थळं ही कामाची नाहीत. विकिपीडियाचा दुसरा लेखही स्रोत म्हणून चालत नाही.

इथे एक सापळा आहे, त्यात जाणतेही अडकतात. समजा विकिपीडियावर कुणीतरी बिनसंदर्भाचं, चुकीचं साल टाकलं. एका बातमीदाराने ते तिथून उचलून बातमीत छापलं. आता तुम्ही संदर्भ शोधता, ती बातमी सापडते, आणि तुम्ही ती त्याच चुकीच्या सालाला आधार म्हणून लावता. साप आपलीच शेपटी गिळून बसला. संशय आला तर लेखाच्या इतिहासात ते साल पहिल्यांदा कधी आलं ते बघा. बातमी त्यानंतरची असेल तर तिच्यावर विसंबू नका.

संदर्भ टाकायचं तंत्र आता सोपं झालंय. यथादृश्य संपादकात संदर्भाच्या चौकटीत पुस्तकाचा आयएसबीएन, निबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) किंवा पानाचा दुवा चिकटवला की बराचसा तपशील आपोआप भरला जातो. ‘बराचसा’ हा शब्द मुद्दाम वापरला. लेखकाच्या जागी वृत्तपत्राचं नाव, आडनावाच्या जागी पहिलं नाव, असे विनोद नेहमी होतात. आणि पान क्रमांक तर तुम्हालाच घालावा लागतो. चारशे पानांचं पुस्तक पान न सांगता संदर्भ म्हणून देणं म्हणजे पाहुण्याला शहराचं नाव सांगून घर शोधायला लावणं.

ज्ञानकोशाची भाषा

शाळेतल्या निबंधाने आपल्याला जी वळणं लावली ती इथे सोडावी लागतात. एका विद्यार्थ्याच्या धूळपाटीवर या धर्तीचं काहीतरी होतं:

“निसर्गाची अद्भुत किमया म्हणजे ऑक्टोपस! तीन-तीन हृदये असलेला हा विलक्षण जीव पाहून कोण थक्क होणार नाही? असे म्हटले जाते की त्याचे रक्त निळे असते.”

आम्ही शेजारी बसून ते असं केलं:

“ऑक्टोपसला तीन हृदये असतात. त्यांपैकी दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरे उर्वरित शरीराला रक्तपुरवठा करते. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे तांबेयुक्त प्रथिन असल्याने ते निळे दिसते.”

उद्गारचिन्ह गेलं, प्रश्न गेला, ‘अद्भुत’ आणि ‘विलक्षण’ गेले. लांबी जवळपास तेवढीच, पण पहिल्यात दोन गोष्टी कळत होत्या, दुसऱ्यात सहा-सात कळतात. ‘असे म्हटले जाते’ हे तर विशेष जपून. कोण म्हणतं? नाव आणि संदर्भ देता येत असेल तर द्या, नाहीतर ते वाक्यच काढा. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘आजकाल’ हे शब्दही टाळा. लेख पाच वर्षांनीही कुणी वाचेल, तेव्हाचं ‘सध्या’ वेगळं असेल. साल लिहा.

व्यक्तींवर लिहिताना आदरार्थी बहुवचन ठीक आहे, पण ‘थोर’, ‘स्वर्गीय’, ‘परमपूज्य’ नको. लेखाच्या पहिल्या वाक्याने विषय म्हणजे काय ते सांगावं. आणि समारोपाचा परिच्छेद लिहायचा नाही. ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा परिच्छेद दिसला की ओळखावं, हा विद्यार्थी आहे.

उचललेलं आणि उचलल्यासारखं

विकिपीडियावरचा मजकूर कुणालाही, श्रेय देऊन, त्याच मुक्त परवान्याखाली पुन्हा वापरता येतो. म्हणून तिथे दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर टाकणं म्हणजे जी वस्तू आपली नाही ती जगाला वाटणं. ‘शैक्षणिक कामासाठी वापरलं’ ही सबब इथे लागू होत नाही. खाली संदर्भ दिला म्हणून वरची नक्कलही माफ होत नाही.

सरळ कॉपी-पेस्ट यंत्रंही पकडतात. खरा त्रास मधल्या प्रकाराचा. समजा पुस्तकात वाक्य आहे: “ऑक्टोपसची त्वचा म्हणजे जणू जिवंत पडदाच; क्षणार्धात तिचे रंग पालटतात आणि शत्रू चकवला जातो.” विद्यार्थी लिहितो: “ऑक्टोपसची कातडी म्हणजे जणू सजीव पडदाच; क्षणात तिचे रंग बदलतात आणि शत्रूची फसगत होते.” त्याला मनापासून वाटतं की हे आपल्या शब्दांत झालं. झालेलं नाही. सांगाडा तोच, उपमा तीच, फक्त शब्दांवर समानार्थी शब्द चढवलेत. पुस्तक मिटून, वहीतल्या नोंदीवरून लिहिलं तर वेगळंच वाक्य येतं: “त्वचेतील रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या स्नायूंनी ताणल्या किंवा सैल सोडल्या की ऑक्टोपसचा रंग बदलतो, भक्षकांपासून लपण्यासाठी त्याला याचा उपयोग होतो.” पुस्तक मिटणं, एवढीच युक्ती आहे. दुसरी मला माहीत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं. चॅटबॉटकडून लेख लिहून घ्यायचा मोह होणार, त्याशिवाय का प्रत्येक वर्गात दोन-तीन जण सापडतात. अडचण अशी की ही साधनं अस्तित्वातच नसलेली पुस्तकं, लेखकांच्या खऱ्या नावांसकट, बेधडक संदर्भ म्हणून देतात. माणसाने न तपासता टाकलेले असे लेख तातडीने वगळण्याचा निकष इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये स्वीकारला. शुद्धलेखन तपासायला घ्या, एखादी संकल्पना समजून घ्यायला घ्या. पण वाक्य आणि संदर्भ तुमचेच हवेत, आणि तो स्रोत तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला हवा.

दुसऱ्या भाषेतला लेख भाषांतरित करणं रीतसर आहे. फक्त मूळ लेखाचा दुवा बदलांच्या आढाव्यात, म्हणजे प्रकाशित करताना काय बदललं ते लिहायच्या छोट्या चौकटीत, द्यावाच लागतो, कारण तोही कुणाचा तरी मजकूर आहे. भाषांतर साधनातून आलेली मराठी जशीच्या तशी सोडू नका, आणि मूळ लेखातल्या संदर्भांपैकी निदान महत्त्वाचे स्वतः उघडून बघा. चित्रांचं थोडक्यात: इंटरनेटवर सापडलेलं चित्र वापरायचं नाही. स्वतः काढलेलं छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संग्रहावर चढवा, नाहीतर तिथे आधीपासून असलेलं घ्या. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असा परवाना असलेली चित्रंही कॉमन्सवर चालत नाहीत.

धूळपाटीवरून लेखात

सत्र संपायला चार आठवडे असताना हे सुरू व्हायला हवं. अख्खा मसुदा एकदम ओतू नका. आज एक विभाग, परवा दुसरा. प्रत्येक वेळी बदलांच्या आढाव्यात एक ओळ: ‘अधिवास विभागात दोन परिच्छेदांची भर, तीन संदर्भांसह’. एवढ्याने तपासणाऱ्याचं काम निम्मं होतं. जुना मजकूर काढत असाल तर का काढला तेही सांगा. आधीच्या लेखकाने चांगलं लिहिलेलं खोडून आपलं घुसवणं हा उद्धटपणा समजतात, आणि बरोबरच आहे.

गटाने काम करत असाल तर एक बारकावा. चौघांनी मिळून एका धूळपाटीवर लिहिलेला मजकूर एकाने आपल्या खात्यावरून चिकटवला तर इतिहासात बाकी तिघं नाहीसे होतात. परवान्याला श्रेय हवं असतं आणि गुणांनाही. म्हणून एकतर प्रत्येकाने आपला भाग आपल्या खात्यावरून टाकावा, किंवा आढाव्यात त्या धूळपाटीचा दुवा आणि सर्वांची सदस्यनावं द्यावीत.

मजकूर उलटवला गेला तर

उलटवणं म्हणजे तुमचा बदल रद्द करून आधीची आवृत्ती परत आणणं. हे कधीतरी होईलच. पहिल्यांदा होतं तेव्हा पोटात गोळा येतो. आधी एवढं जाणून घ्या की मजकूर हरवलेला नाही; इतिहासात जुनी आवृत्ती तशीच आहे (प्रताधिकारभंगामुळे, म्हणजे कॉपीराइट मोडल्यामुळे, ती झाकली असेल तर गोष्ट वेगळी). उलटवणाऱ्याने आढाव्यात काय कारण दिलंय ते वाचा. मग आपल्या सदस्य चर्चापानावर काही निरोप आहे का बघा.

तेच पुन्हा चिकटवू नका. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर खातं गोठवलं जाऊ शकतं. चार मैत्रिणींना बोलावून ‘हिचंच बरोबर आहे’ असं लिहायला लावणं त्याहून वाईट. ते लगेच कळतं आणि सगळ्यांचाच विश्वास जातो. त्याऐवजी चर्चापानावर विचारा: “आपण ‘जीवनचक्र’ विभागातील माझी भर काढल्याचे पाहिले. आढाव्यात ‘स्रोत अपुरे’ असे कारण आहे. पहिल्या परिच्छेदासाठी अमुक पुस्तकाचे पान ११२ पुरेसे ठरेल का? दुसरा परिच्छेद मी सध्या बाजूला ठेवते.” अशा निरोपाला दहांतले नऊ जण नीट उत्तर देतात. दहावा खडूस असतो. त्याच्याशी वाद न घालता शिक्षकांना सांगा किंवा चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा.

उत्तराला दोन-तीन दिवस लागू शकतात. स्वयंसेवकाला त्याची नोकरी, घर, झोप आहे, आणि तुमची सादरीकरणाची तारीख त्याच्या भिंतीवर लावलेली नाही. चार आठवडे आधी सुरू करा म्हणते ते याच्यासाठी.

शिक्षक हे वाचत असतील तर

मजकूर शेवटपर्यंत टिकला की नाही यावर गुण देऊ नका. ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि गुण वाचवायला तो उलटवाउलटवी करू लागतो. शब्दसंख्येवरही देऊ नका. त्याने फुगवटा येतो. स्रोतांची वही, चर्चापानावरचा संवाद, सूचना मिळाल्यावर केलेली दुरुस्ती यांना द्या. वर्गापुढे हे काम ठेवण्याआधी स्वतः एक लेख सुधारून बघा, निदान एकदा तरी तुमचं संपादन उलटवलं जाऊ द्या. आणि ज्याला सार्वजनिक जागी लिहायचं नसेल त्याला तेच काम वहीत करून द्यायची मुभा ठेवा.

काम जमा करताना

‘मी अमुक लेख लिहिला’ असं सांगून लेखाचा दुवा देऊ नका. उद्या त्यात दुसऱ्या कुणी भर घातली की तुमचं कोणतं ते कळणार नाही. इतिहासात जा, तुमच्या प्रत्येक मोठ्या संपादनाचं ‘फरक’ पान उघडा आणि त्या पानाचा दुवा द्या. पुढे लेखात कितीही बदल झाले तरी तिथे तुम्ही घातलेली ओळ न ओळ दिसते. लेखच वगळला गेला किंवा मजकूर प्रताधिकारभंगामुळे झाकला गेला तरच ती दिसणार नाही, आणि झाकला गेला असेल तर शिक्षकांना कारण वेगळं सांगावं लागणार नाही. दुव्यांबरोबर वहीची छायाप्रत आणि चर्चापानाचा दुवा जोडा. दुवे पाठवण्याआधी एकदा लॉग आउट करून उघडून बघा. धूळपाटीच्या जुन्या आवृत्तीचा दुवा पाठवणारा एक तरी प्रत्येक वर्गात असतो.